चाळिसावा खळगा

प्लेटमध्ये खळगे शहाण्णव होते, त्यांतले चाळीस भरायचे होते. पहिल्या सहांत ठाऊक मापाची द्रावणं, पुढच्या चारांत उत्तर आधीच माहीत असलेली पडताळणीची रक्तं, आणि उरलेल्या तिसांत तीस माणसांचं रक्त. सकाळी रॅकमध्ये नळ्या एकोणतीसच आल्या होत्या. तिसावी मागाहून धावतपळत आली, म्हणून तिच्या वाट्याला शेवटचा, चाळिसावा खळगा आला. छोट्या बाटलीत प्रत्येक खळग्यात सारखंच घालायचं प्रमाण द्रावण होतं, ते बेचाळीस खळग्यांपुरतं, म्हणजे चाळीस कामाचे आणि दोन वरचे. काम संपल्यावर बाटलीत दोन खळग्यांचं उरायला हवं होतं. एकाचंच उरलं.

मिलिग्रॅमने ते पिपेटने उचलून पाहिलं. एकदा नीट उचललं गेलं, दुसऱ्यांदा नुसती हवा आली. ती जरा थांबली. एका खळग्याचं द्रावण म्हणजे वीस मायक्रोलिटर; मुंगीला आंघोळ घालायची म्हटली तरी पुरायचं नाही. मिथेनॉलमधलं द्रावण, बाटलीचं झाकण मघापासून उघडं, आणि मिथेनॉल काय, बघता बघता उडून जातं. उडालं असेल, असं तिने मनाशी म्हटलं, बाटली टाकून दिली आणि प्लेट पुढच्या कामाला लावली.

मिलिग्रॅम हे नाव तिला प्रयोगशाळेतल्या बाईंनी ठेवलं होतं. बाई म्हणजे तिथल्या सगळ्यात जुन्या तंत्रज्ञ. यंत्रं तीनदा बदलली, साहेब पाचदा बदलले, बाई होत्या तिथेच होत्या. पोरगी अंगाने काटकुळी, नुकती पदवी घेऊन आलेली, आणि ‘साधारण’, ‘जवळजवळ’, ‘आसपास’ हे शब्द जणू शिकलीच नव्हती. चहात साखर किती, असं विचारलं तर साडेचार ग्रॅम म्हणायची.

“अगं, तू उद्या कुणाच्या प्रेमात पडलीस ना,” बाई म्हणायच्या, “तर आधी रिकाम्या भांड्याचं वजन वजा करशील.”

“करायलाच हवं, बाई. नाहीतर नुसतं भांडंच गळ्यात पडायचं.”

बाईंच्या आणि तिच्या रीतीत दोन फरक होते. बाई प्रमाण द्रावण नेहमी पन्नास खळग्यांचं करत. पाहुणे चाळीस म्हणून चाळिसांचंच शिजवायचं नसतं, असं त्यांचं म्हणणं. आणि पिपेटच्या तोंडाला लावायची प्लॅस्टिकची टिप त्या दर खळग्याला बदलत. प्रमाण द्रावण वरून सोडायचं असतं, टिप रक्ताला शिवत नाही, एकच टिप चाळिसांना सहज पुरते. तरीही बाई नवी घेत. मिलिग्रॅमला ती उधळपट्टी वाटे. तिने एकदा टिपेला काही लागतं का हे मोजूनही पाहिलं होतं. काही लागत नव्हतं. तेव्हापासून ती एकाच टिपेने चाळीस खळगे भरी. बाई त्यावर वाद घालत बसल्या नाहीत. त्या फक्त म्हणाल्या, “मी टिप स्वच्छतेसाठी बदलत नाही गं.” कशासाठी बदलता, हे विचारायचं मिलिग्रॅमच्या मनात राहून गेलं.

त्या सकाळच्या कामात खंड पडला तो एकदाच. ती प्रमाण द्रावण सोडत शेवटच्या ओळीपर्यंत आली होती, तेवढ्यात भिंतीवरचा फोन वाजला. किडनीच्या वॉर्डातून नर्स बोलत होती. मागाहून पाठवलेली नळी आजच्या खेपेत लागली का, नातेवाईक जीव खातायत.

“लागली,” मिलिग्रॅम प्लेटकडे बघत म्हणाली. “शेवटच्या खळग्यात आहे, इथे दिसतेय मला.”

फोन ठेवून तिने पिपेट उचललं, शेवटच्या खळग्यात द्रावण सोडलं आणि काम संपवलं.

या द्रावणाला बाई ‘जुळं’ म्हणत. जे औषध रक्तात शोधायचं, तेच औषध, फक्त त्याच्या रेणूतले काही हायड्रोजन बदलून जड बसवलेले. वागायला बोलायला हुबेहूब तसंच, फरक तेवढा वजनाचा. प्रत्येक खळग्यात हे जड जुळं मोजून, सारखंच घालायचं. मग रक्त साफ करताना, यंत्रात शिरताना जे काही सांडेल, हरवेल, ते दोघांचंही सारख्याच प्रमाणात हरवतं. यंत्र रेणूंचं वजन करून दोघांना वेगळं ओळखतं. पण रक्तात औषध किती, हे त्याला सरळ कधीच कळत नाही. जुळ्याच्या मानाने औषध किती, एवढंच कळतं. जुळं किती घातलं, ते माणसाने सांगायचं आणि यंत्राने त्यावर विश्वास ठेवायचा.

दुपारी निकाल आले. चाळिसाव्या खळग्यात टॅक्रोलिमस ६.१ नॅनोग्रॅम. हे औषध ज्यांना दुसऱ्याचं मूत्रपिंड बसवलंय त्यांना जन्मभर घ्यावं लागतं. ते कमी पडलं तर शरीराला कळतं की घरात परका शिरलाय, आणि ते त्याच्यावर तुटून पडतं. जास्त झालं तर औषध स्वतःच त्या मूत्रपिंडाला पोळतं. या रुग्णाला ते आठ ते दहाच्या मधे हवं होतं. मिलिग्रॅमने पडताळणीची चारही रक्तं तपासली. चारही बरोबर होती. तिने निकाल पाठवून दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी नमुने घेण्याच्या खिडकीशी एक अनोळखी तरुणी येऊन उभी राहिली. तिशीच्या आतबाहेरची, कामावर जायच्या कपड्यांत, पण दोन दिवस तेच घातले असावेत असे चुरगळलेले. तिने खिडकीच्या कट्ट्यावर एक पिशवी उपडी केली. गोळ्यांची रिकामी पाकिटं चमकत बाहेर घरंगळली.

“इथेच रक्तातलं औषध मोजतात ना?”

“हो. नमुना आणलाय का?”

“नमुना वॉर्डातून येईल. मला नुसतं विचारायचंय.” तिने पाकिटं तळहाताने एका बाजूला सारली. “माझ्या धाकट्या भावाची आहेत ही. टिल्लूची. सगळी रिकामी. एक गोळी शिल्लक नाही की एक जास्त खर्चलेली नाही. पण पाकीट रिकामं म्हणजे गोळी पोटातच गेली, असं थोडंच आहे? बेसिनमध्येही जाते.”

“रिपोर्टचं तुम्हाला डॉक्टरच सांगू शकतील, ताई.”

“त्यांनी सांगितलंच. नऊच्या घरात असायचं, ते सहा पॉइंट एक आलंय. आणि ते दुसरं, क्रिएटिनिन, जे चढू नये म्हणतात, ते एक पॉइंट दोनचं दोनवर गेलंय. डॉक्टर म्हणाले, पोरगा गोळ्या चुकवतोय, शरीराने किडनीवर हल्ला चढवलाय. आठवडाभर त्याचं पोट बिघडलेलं, जुलाब होत होते. मला वाटलं, त्यानेच अशक्तपणा आलाय. तर हे निघालं.” ती थांबली. “सकाळची गोळी मी माझ्या हाताने देते. संध्याकाळी मी कामावर असते. तो म्हणतो, ताई, एकही नाही चुकवली. शपथा घेतो. आता मी खरं कुणाचं मानायचं?”

मिलिग्रॅमने नकळत विचारलं, “किडनी तुमची?”

“डावी,” ती म्हणाली, शेजारी कोण राहतं असं विचारल्यावर सांगावं तशी. “आई असती तर तिने दिली असती. नाही, म्हणून मी. परवा रिपोर्ट आल्यापासून... म्हणजे कालच आला ना? मला दिवसच कळेनासे झालेत. काल मी त्याच्या थोबाडीत मारली. एवढा ताडमाड वाढलाय, हात वर करून मारावी लागली. अंथरुणावर बसला होता तरी. आयुष्यात कधी बोट लावलं नव्हतं मी त्याला.”

पाकिटं पुन्हा पिशवीत भरता भरता तिने मान वर केली.

“तुमचं मशीन चुकतं का हो कधी?”

या प्रश्नाचं उत्तर मिलिग्रॅमला पाठ होतं. त्या यंत्राच्या अचूकतेवर तिने परीक्षेत पानंच्या पानं लिहिली होती.

“मशीन खोटं बोलत नाही, ताई.”

“बरं झालं विचारलं.” तिने पिशवीची गाठ मारली. “आता त्याला जाऊन सांगते, शपथा पुरे कर म्हणून. एकवार कबूल तरी करेल. मग पुढचं बघू.” दोन पावलं जाऊन ती मागे वळली. “आणि काल तुम्हाला वॉर्डातून फोन आला होता ना, तो माझ्यामुळे. नळी उशिरा गेली म्हणून मीच त्या नर्सच्या डोक्यावर बसले होते, विचारा म्हणून. तुमच्या कामात व्यत्यय आला असेल. माफ करा हं.”

“छे, छे,” मिलिग्रॅम म्हणाली.

ताई गेली. मिलिग्रॅम खिडकीशीच उभी राहिली. फोन. फोन वाजला तेव्हा पिपेट तिच्या हातात होतं. ते भरलेलं होतं की रिकामं? शेवटच्या खळग्याकडे बघत ती नर्सशी बोलली होती, आणि फोन ठेवल्यावर डोळे जिथे होते तिथूनच तिने पुढे काम सुरू केलं होतं. टिप एकच. कुठवर आलो हे सांगणारं टेबलावर दुसरं काहीही नव्हतं. आणि बाटलीत दोन खळग्यांचं उरायचं ते एकाचंच उरलं होतं.

बाई टिप कशासाठी बदलतात, हे विचारायची आता गरज राहिली नाही. टिपांचा डबा जिथवर रिकामा, तिथवर खळगे भरलेले.

तिने कालची नोंद पडद्यावर उघडली. यंत्र शेवटी एक आकडा दाखवतं, लोक तोच बघतात. त्याच्या मागे औषध किती उमटलं आणि जुळं किती उमटलं, असे दोन वेगळे आकडे असतात. जुळ्याचे आकडे तिने ओळीने वाचले. सगळ्यांची सरासरी शंभर धरली तर कुणी अठ्ठ्याण्णव, कुणी एकशे तीन, कुणी शंभर. चाळिसावा खळगा एकशे ब्याण्णव.

निम्म्यापासून दुपटीपर्यंत चालेल, अशी मर्यादा यंत्राला घालून दिलेली होती. कुणाचं रक्त दाट, कुणाचं पातळ, म्हणून मर्यादा सैल. एकशे ब्याण्णव दोनशेच्या आत होतं. यंत्राने हूं की चूं केलं नव्हतं.

“बाई.”

बाई आल्या. त्यांनी चष्मा कपाळावरून खाली ओढला आणि पडद्यावरच्या त्या आकड्यावर बोट ठेवलं.

“दोनदा?”

“दोनदा घातलं मी. फोन आला होता. जुळं दुप्पट, म्हणजे औषध निम्मं दिसलं.” तिने खुर्ची मागे सारली. “कालची नळी फ्रिजमध्ये आहे. लगेच पुन्हा लावते. दोन तासांत नक्की आकडा येईल, मग डॉक्टरांना कळवते.”

“आधी फोन.”

“पण बाई, आकडा हातात नसताना काय सांगू? नुसती शंका सांगू?”

“दोन तासांत त्या पोराच्या अंगात काय काय जाईल, ठाऊक आहे तुला?” बाईंचा आवाज चढला नाही. “अब्रू मागाहून मोजू. आधी फोन, मग पिपेट.”

किडनीच्या डॉक्टरांचा नंबर लागायला वेळ लागला. ते फोनवर आले तेव्हा मागे कुणाच्या तरी खाटेची चाकं वाजत होती.

“बोला, लॅब. पटकन.”

तिने सांगितलं. रुग्णाचा क्रमांक, कालचा आकडा, तो चुकीचा असल्याचं. पलीकडे चाकांचा आवाज थांबला.

“म्हणजे? यंत्र बिघडलंय?”

“यंत्र ठीक आहे, डॉक्टर. मी चुकले. मी एक द्रावण दोनदा घातलं.”

“काल रात्रीपासून मी त्याची गोळी वाढवलीय. आज सकाळी शिरेतून जोरदार औषधाचा पहिला डोस दिलाय, शरीराचा हल्ला मोडायला. दुपारी आणखी एक जादा गोळी जायचीय.”

“ती थांबवा, डॉक्टर.”

डॉक्टरांना काय करायचं ते सांगण्याची तिची ही पहिलीच वेळ होती.

“खरा आकडा काय?” त्यांनी विचारलं.

“अजून नाही. पुन्हा लावतेय. पण सहा पॉइंट एक नक्कीच नाही. बाराच्या... आसपास असावा.”

बाईंनी तिच्याकडे पाहिलं.

“बारा,” डॉक्टर म्हणाले. मग तिला नव्हे, स्वतःलाच सांगितल्यासारखं, “जुलाब झाले की हे औषध रक्तात चढतं. पहिल्या वर्षाच्या पोरालाही माहीत असतं. पोट बिघडलंय हे त्याच्या बहिणीने मला सांगितलं होतं. पण समोर तुमचा आकडा होता.” त्यांनी श्वास घेतला. “गोळ्या थांबवतो. आजच्या नळीचाही आकडा द्या. आणि या वेळी मला आसपास नको.”

फोन बंद झाला.

बाईंनी स्वतः नव्या टिपांचा भरलेला डबा आणून तिच्यासमोर ठेवला आणि त्या आपल्या टेबलाशी गेल्या. मिलिग्रॅमने कालचं रक्त तीन खळग्यांत घेतलं, आजचं तीन खळग्यांत. प्रत्येक खळग्याला नवी टिप. डब्यातली एकेक जागा रिकामी होत गेली. मधे एकदा फोन वाजला, तो बाईंनी घेतला.

यंत्र चालू असताना करण्यासारखं काही नसतं. ती पडद्यासमोर बसून राहिली. पडद्यावर सपाट रेघ जाते, जात राहते, आणि मग एका ठरलेल्या क्षणी दोन टेकड्या एकदम उभ्या राहतात, एक औषधाची आणि एक जुळ्याची, खांद्याला खांदा लावून. आज सगळ्या जुळ्यांच्या टेकड्या एका उंचीच्या होत्या.

कालचं रक्त: १२.२, १२.४, १२.२. आजचं: १९.७, १९.५, १९.८.

तिने दोन्ही आकडे कळवले, कालच्या निकालावर ‘चुकीचा, रद्द’ असा शिक्का उमटवला आणि त्याखाली स्वतःची सही केली. मग पांढरा कोट काढून खुंटीला लावला.

“कुठे?” बाईंनी विचारलं.

“वॉर्डात.”

“आपण वॉर्डात जात नाही.”

“माहीत आहे.”

“डॉक्टर सांगतील त्यांना.”

“डॉक्टर आकडा सांगतील. मशीन खोटं बोलत नाही, असं मी तिला तोंडावर सांगितलंय. ते सुधारायला मीच जायला हवं.”

बाईंनी खुंटीवरचा कोट तिच्या हातात दिला. “कोट घाल,” त्या म्हणाल्या. “नाहीतर आत सोडणार नाहीत तुला. बारावीतली पोर दिसतेस.”

वॉर्डात सहा खाटा होत्या. टिल्लू खिडकीकडच्या खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडला होता. पाय खाटेबाहेर निघालेले, चादर पोटऱ्यांपर्यंतच पुरलेली. ताई शेजारच्या स्टुलावर. दोघं एकमेकांशी बोलत नसल्याचं दारातूनच कळत होतं. टिल्लूच्या उशाशी ती पिशवी होती, गाठ मारलेली.

ताईने मिलिग्रॅमला ओळखलं आणि उठून उभी राहिली. “तुम्ही? काय झालं? आणखी कमी आलं का?”

“बसा, ताई.” पण ती बसली नाही, म्हणून मिलिग्रॅमने उभ्याउभ्याच सांगितलं. तिने येताना जिन्यात वाक्यं जुळवली होती. त्यांतलं एकही आठवलं नाही. “याने गोळ्या चुकवल्या नाहीत. एकही नाही. कालचा आकडा चुकीचा होता. माझ्या हातून चूक झाली. औषध कमी नव्हतंच, जास्त होतं. जुलाबांमुळे चढलं होतं. आणि माझ्या आकड्यावरून ते आणखी वाढवलं गेलं.”

भिंतीकडे वळलेलं तोंड हललं नाही. पाय तेवढे चादरीत ओढले गेले.

“पण तुम्ही म्हणालात...” ताईचा आवाज अगदी हळू होता. “मी विचारलं तुम्हाला. तुम्ही म्हणालात, मशीन...”

“मशीनने त्याला जे दिसलं तेच सांगितलं. त्याला मी चुकीचं दिलं होतं. मधे काम थांबलं, आणि मी एकच द्रावण दोनदा घातलं.”

“फोनमुळे,” ताई म्हणाली. तिने हात तोंडावर नेला. “मी करायला लावलेला फोन.”

“नाही. फोन रोज येतात. फोन आला की तो खळगा टाकून द्यायचा आणि नवा भरायचा, असा नियम आहे. मी तो पाळला नाही. याच्यात तुमचं काही नाही, ताई.”

ताई स्टुलावर बसली. कुणी बसवल्यासारखी. ती भावाच्या पाठीकडे बघत राहिली.

“टिल्लू.”

तिने स्टूल खाटेजवळ ओढलं.

“टिल्ल्या, ऐकलंस का?”

“ऐकलं.” आवाज भिंतीशीच बोलत होता. “मी कालपासून तेच सांगतोय. मी सांगितलं तेव्हा खरं नव्हतं. आता पांढरा कोट घालून कुणी आलं, आता खरं झालं.”

ताईचे खांदे हलू लागले, पण आवाज नव्हता. शेजारच्या खाटेवरच्या आजोबांनी पेपर उगाचच वर धरला.

टिल्लू इकडच्या कुशीवर वळला. डाव्या गालावर उशीचा वळ होता. त्याने बहिणीकडे पाहिलं, मग मिलिग्रॅमकडे.

“तुम्ही चूक केलीत ती कशी शोधलीत?”

“बाटलीत एक थेंब कमी उरला होता. मला काल दिसला होता तो. मी म्हटलं, उडाला असेल.”

“म्हणजे तुम्हालाही दिसलं होतं आणि तुम्हीही मानलं नाहीत.” तो जरासा हसला, त्यात हसण्यासारखं काही नव्हतं. मग बहिणीला म्हणाला, “रडू नकोस. एक किडनी आहे तुला, पाणी जपून वापर.”

ताईने डोळे न पुसताच त्याच्या पायावर चादर ओढली. ती पुरली नाही. तिने पुन्हा ओढली.

“आता किडनीचं काय?” तिने विचारलं. “राहील ना?”

हे मिलिग्रॅमला सांगता येण्यासारखं नव्हतं, आणि ती तसं म्हणाली. सांगितलं ते संध्याकाळी डॉक्टरांनी, तिच्याही समोर, कारण तोवर ती तिथून हलली नव्हती. औषध उतरेल, म्हणाले. क्रिएटिनिन आज दोन पॉइंट सातवर आहे, तेही उतरेल. कितीवर येऊन थांबतं ते बघायचं. पुन्हा एक पॉइंट दोन झालं तर सगळं भरून आलं. त्याच्या वर जिथे थांबेल, तेवढी किडनी गेली ती गेली.

“गेली तर त्यातली जुलाबांनी किती,” मिलिग्रॅमने विचारलं, “आणि माझ्यामुळे किती?”

डॉक्टरांनी चष्मा पुसला. “ते मोजता येत नाही,” ते म्हणाले. “माझ्यामुळे किती, तेही येत नाही.”

त्यानंतर प्रयोगशाळेत तीन गोष्टी बदलल्या. जुळ्याची मर्यादा दुपटीवरून सव्वापटीवर आली. त्याच्या वर गेलं की आता यंत्र निकालच अडवून धरतं. भिंतीवरचा फोन पलीकडच्या खोलीत गेला. आणि मिलिग्रॅम दर खळग्याला नवी टिप घेऊ लागली. एकदा बाई मुद्दाम म्हणाल्या, “अगं, केवढी ही उधळपट्टी!” पण त्या हसल्या नाहीत, आणि तीही हसली नाही. द्रावण मात्र ती अजूनही खळग्यांपेक्षा दोनांचंच जास्त करते. उरलेलं पिपेटने उचलून पाहते. दोनदा पूर्ण उचललं गेलं नाही, तर प्लेट पुढे जात नाही.

टिल्लूची नळी आधी रोज येत होती, मग एक दिवसाआड, मग आठवड्याला. आकडे उतरत गेले. ती नळी आली की मिलिग्रॅमला नाव वाचावं लागत नसे. क्रिएटिनिन मोजण्याचं काम पलीकडच्या विभागाचं, पण त्यांचा निकाल त्याच पडद्यावर उघडता येई. ती तो उघडत नव्हती. आपलं काम आपण मोजायचं, असं ती स्वतःला बजावी.

तीन महिन्यांच्या तपासणीच्या सकाळी नळी घेऊन ताई स्वतः खिडकीशी आली. इस्त्रीचे कपडे, केस नीट बांधलेले. मागे टिल्लू उभा होता, खिडकीच्या चौकटीत त्याची मानच दिसत नव्हती. त्याने वाकून आत पाहिलं.

“आज फोन नाही करणार आम्ही,” तो म्हणाला. “सावकाश करा.”

“गप रे,” ताई म्हणाली. तिने नळी खिडकीतून आत दिली. नळी अजून कोमट होती. “डॉक्टर म्हणाले, क्रिएटिनिन आज जे येईल ते आता कायमचं धरायचं. यापुढे उतरायचं नाही, एक पॉइंट दोन असो की त्याच्या वर.” ती कट्ट्यावर हात ठेवून क्षणभर उभी राहिली. “आम्ही बाहेर बाकावर बसतो.”

त्या दिवशी नळ्या छत्तीस होत्या, खळगे शेहेचाळीस. टिल्लूचं रक्त मिलिग्रॅमने मधल्या ओळीत घेतलं, इतरांसारखंच. काम संपल्यावर बाटलीत दोन खळग्यांचं उरलं. तिने ते दोनदा उचलून पाहिलं.

दुपारी टेकड्या उमटल्या. जुळं शंभराच्या मानाने एकशे एक. तिने निकालावर सही केली, आणि मग पहिल्यांदाच पलीकडच्या विभागाचा निकाल उघडला.

टॅक्रोलिमस ८.९. क्रिएटिनिन १.६.